निरोगी म्हणून नेलेली ग्रंथी

"बॅग मोठी होऊन राहिली तुही," शांतीबाई बाजेवरून म्हणाली. "आली तवा एकच पेटी होती."

पुष्पांजलीने चेन ओढली. सात वर्षांत या सुनेने सासूला उत्तर दिल्याचं मुर्री गावात कोणाला आठवत नव्हतं. शांतीबाईचं 'वांझ' मात्र रोज सकाळी एकदा, आणि पाहुणे असले की एकदा जास्तीचं. शेजाऱ्यांचा हा हिशेब कधी चुकला नाही. आज तर पाहुणे मुद्दाम जमवले होते, सुनेला माहेरी, तिरोड्याला, कायमचं धाडायचं म्हणून.

आरोप दोन. मूल दिलं नाही, हा जुना. नवा पाच महिन्यांचा. तिच्या नवऱ्याला, राजदीपला, ट्रकने उडवलं. गोंदियात पोस्टमॉर्टेम झालं. तिथे एका डॉक्टरणीने त्याच्या मेंदूच्या तळाची वाटाण्याएवढी ग्रंथी अभ्यासाला मागितली. गाठ झालेल्या ग्रंथी तिच्याकडे बऱ्याच होत्या. ताडून पाहायला निरोगी हवी होती. सगळं घर नाही म्हणालं. पुष्पांजलीने डॉक्टरणीला बाजूला नेऊन एक प्रश्न विचारला, एक अट घातली आणि सही केली.

"नवऱ्याचं डोकं देऊन टाकलं हिनं," दीर भुपेंद्र पाहुण्यांना सांगत होता, तेवढ्यात तीच डॉक्टरीण, रचना, कागद घेऊन घरापुढच्या छपरीत आली.

"आता काय पाहिजे, बाई? काळीज?" शांतीबाईने विचारलं.

"निकाल सांगायला आले. टपालाने नको, घरी येऊन सगळ्यांसमोर मोठ्याने सांगा, अशी तुमच्या सुनेची अट होती."

भुपेंद्र हसला. "सांगा ना मग. निरोगीच होता माहा भाऊ."

"आम्हालाही तसंच वाटलं होतं. पण ग्रंथीत गाठ निघाली. तांदळाच्या दाण्याएवढी. कॅन्सर नाही. पेशींची वाढ रोखणारी प्रथिनं निरोगी ग्रंथीत जेमतेम दिसतात. या गाठीत खच्चून भरली होती. म्हणजे पेशी म्हाताऱ्या होऊन आपल्याआपणच थांबल्या होत्या. वाढत नव्हत्या, मरतही नव्हत्या. बसल्या जागेवरून हुकूम मात्र सोडत होत्या."

दोन पाहुण्यांनी नकळत बाजेकडे पाहिलं.

"कायचा हुकूम?" शांतीबाई गुरकावली.

"बाळंतिणीला दूध आणणारा एक रस असतो. ही गाठ तो बनवत होती. पुरुषाच्या अंगात तो वाढला की त्याला मूल होणं कठीण."

भुपेंद्रने कागद घेतला आणि उलटून मागची बाजू पाहिली. ती कोरी होती.

'मूल होण्या-न होण्यात या ग्रंथीचा हात असते का?' पोस्टमॉर्टेमच्या दारात पुष्पांजलीने हेच विचारलं होतं. का विचारलं, ते रचनाला आत्ता कळलं.

शांतीबाई बाजेवरून उतरली. आवाजाची धार तीच. "तुले माहीत होतं?"

"गाठीचं नाही. दोष कोणाचा, ते होतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी नागपूरले तपासून आलो होतो दोघं."

"मग इतके वर्षं काऊन गुमान आयकत राहिली?"

पुष्पांजलीने बॅग उचलली.

"शप्पथ घातली होती त्यांनी. तुह्या तोंडून आईच्या कानावर जाऊ देऊ नको म्हणे. माह्या तोंडून नाही जाऊ दिलं."