खालची पट्टी

लॉरेन्सने क्लेमेंटीनच्या समोरचा माइक उचलला आणि गिटारवाल्या मायकलपुढे नेऊन ठेवला.

"आजचा दिवस तू नुसती बस," तो हळू आवाजात म्हणाला. "लग्नघर आहे. उगाच शोभा नको."

वसईच्या पाचूबंदरचा मांडव माणसांनी भरला होता. नवरानवरी नुकतीच चर्चमधून आली होती. बँड लॉरेन्सचा, आणि क्लेमेंटीन त्यात चौदा वर्षं गात आली होती. तिची खासियत म्हणजे अमेरिकेतली कंट्री गाणी. बोटीवर नोकरीला असलेल्या भावाने एकदा सात छोट्या रेकॉर्डी आणल्या, सगळ्या एकाच गायिकेच्या. तिला खुद्द अमेरिकेतही कुणी फारसं ओळखत नाही, म्हणून स्वस्तात मिळाल्या, असं तो हसत सांगायचा. गाण्यांत शेतं, लांबचे रस्ते, घर सोडून गेलेला नवरा. क्लेमेंटीनने ती गाणी पाठ केली आणि आपल्या बारीक, उंच आवाजात वसईतल्या मांडवामांडवांतून गायली. नायगावपासून अर्नाळ्यापर्यंत लोक तिला ओळखायचे ते त्या आवाजामुळे.

मग घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. "बोलता येईल. गाण्याचं मात्र मनातून काढा," डॉक्टर म्हणाले. आवाज परत आला तो जाड, खरखरीत, दुसऱ्याच कुणाचा असावा असा. वरचे सूर लागेचनात. माणिकपूरच्या घरात ती दोन महिने गप्प बसून होती.

एका सकाळी तिने रेकॉर्ड लावली, आणि रेकॉर्ड प्लेअरच्या वेगाचा खटका चुकून कमी वेगावरच राहिला. त्या गायिकेचा आवाज संथ आणि घोगरा निघाला. क्लेमेंटीन खटका सरकवायला उठली. सरकवला नाही. तशीच उभी राहून बरोबर गायला लागली. सूर जुळला.

पुढे पाच महिने रोज, स्वयंपाक उरकला की, ती सातही रेकॉर्डी तशाच संथ लावून गात राहिली. घसा दुखला की थांबायची, कोमट पाणी प्यायची आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून.

यातलं लॉरेन्सला काहीच ठाऊक नव्हतं. आता मांडवात ती उठली आणि माइक परत आपल्यापुढे घेऊन आली.

"एक गाणं," ती त्याला म्हणाली. "नाही जमलं तर मीच खाली उतरेन." मग मायकलकडे वळली. "पट्टी उतरव. तू स्वतः गातोस ती घे."

"ती पुरुषाची पट्टी आहे."

"असू दे."

पहिल्या ओळीला पुढच्या बायकांनी चमकून वर पाहिलं. दुसऱ्या कडव्यापर्यंत मांडवातली कुजबुज थांबली होती. लॉरेन्स ट्रम्पेट हातात धरून ऐकत राहिला, वाजवायचं विसरून.

गाणं संपलं तेव्हा नवरी आपल्या आजोबांचा हात धरून त्यांना पुढे घेऊन आली. म्हाताऱ्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. तो आवाजाच्या रोखाने बोलला.

"बाय, तुमच्या बँडात आधी एक बारीक आवाजाची गानारी यायची. लय नाव होतं तिचं. आता तिला परत नका आनू. तूच येत जा."

लॉरेन्स काही सांगायला पुढे झाला. क्लेमेंटीनने त्याचा दंड धरून त्याला थांबवलं.

"बरं बाबा," ती म्हणाली. "सांगते तिला."