निरोपाचा हात

"कडूबाईंचं घर हेच ना?" हेमानं दारातूनच विचारलं. परभणीहून गंगाखेडपर्यंत ती एसटीत उभ्यानं आली होती, पण पायांचं भान होतं कुणाला.

म्हातारी ज्वारी पाखडत बसली होती. "मीच कडूबाई. या, बसा. कुठल्या तुमी?"

"परभणीला शाळेत शिकवते. बत्तीस वर्षांपूर्वी इथं गंगेवर शूटिंग झालं, तेव्हा तुम्ही सिनेमावाल्यांच्या कामाला होतात म्हणे."

कडूबाईनं सूप खाली ठेवलं.

सिनेमा म्हणजे तो एकच, काळापांढरा. आता घरोघरी टीव्ही आले, रंगीत सिनेमांचा नुसता सुकाळ झाला, तरी त्यातला शेवटचा प्रसंग काही कुणाच्या डोक्यातून जात नव्हता. भरल्या गोदावरीत एक बाई शिरते, मागं वळून बघते आणि हात वर करते. तीनदा. आधी उघडा तळवा, मग मिटलेली मूठ, मग नुसती बोटं. 'निरोपाचा हात' म्हणून पेपरवाल्यांनी रकानेच्या रकाने भरले. पुढं ज्या नायिकेला पडद्यावर मरायचं असेल तिनं तस्साच हात करायचा, असा रिवाजच पडून गेला. परवा स्नेहसंमेलनात सातवीतल्या मुलींनीही तोच हात केला. पालक कौतुकानं बघत होते आणि हेमाच्या अंगावर मात्र सर्रकन काटा आला.

कारण ती बाई हेमाची आई होती.

वडील अनंतराव गंगाखेडला बदलून आले त्याला महिनाच झालेला. गावात आईला ओळखणारं कुणी नव्हतं. शूटिंगच्या दिवशी आठ महिन्यांच्या हेमाला शेजारणीकडं ठेवून ती बाहेर पडली, ती गेलीच. शोधाशोध झाली. वर्षानं सिनेमा थेटरात लागला, वडिलांनी पडद्यावर बायकोला बघितलं आणि शोध थांबला. लोकांची तोंडं मात्र सुरू झाली. प्रभावतीआत्या तर चारचौघींत म्हणायची, "लेकराला टाकून नाचायला गेली भवानी." वडिलांनी मरेपर्यंत तिचं नाव काढलं नाही.

हेमानं मुंबईला पत्रांवर पत्रं धाडली. सिनेमाची कंपनी केव्हाच बुडालेली. आईचा फार राग यायचा, आणि तिच्या कुशीत शिरावंसंही वाटायचं. वेडं मन, दुसरं काय.

"मावशी, पाण्यात शिरलेली ती बाई कुठं गेली एवढंच सांगा," हेमा म्हणाली. "मला तिच्याकडून काही नको. एकदा समोर बसून विचारायचंय, मला टाकून कशी गेलीस म्हणून."

"तुमी तिची लेक?" कडूबाईनं पदर तोंडाशी नेला.

"पान्यात शिरायचं काम माझं व्हतं, बाई. मला पव्हायला लय चांगलं यायचं. हिरविनीच्या जागी म्या धुनं घिऊन यायचं, पान्यात जायचं, अन् बुडी मारून पार वळणापल्याड निघायचं. पन त्या दिवशी मालकानं मला घरात कोंडलं. बायकूचं तोंड पडद्यावर नगं म्हने."

"म्हणून माझ्या आईला घेतलं?"

"कुनी घेतलं न्हाई, बाई. ती तिचं धुनं घिऊन आल्ती. सिनेमावाल्यांनी मला एकदाच बघितलेलं, त्यांना वाटलं गावातली ठरलेली बाई आली. गावाला अन् तवा मलाबी वाटलं, ही सिनेमातली बाई."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"आमचं घर घाटावरच व्हतं. म्या वर माळवदावर चढून बघायलते. तिच्या हातातनं बाळुतं सुटलं, ते धराया ती पान्यात शिरली."

"घाटावर तर सारा गाव होता," हेमा कशीबशी म्हणाली.

"व्हता की. हूं का चूं करायचं न्हाई, जागचं हलायचं न्हाई, अशी सक्त ताकीद व्हती. समदे दम धरून उभे. तिनं आमच्याकडं बघून हात केला, पुन्हा केला, पुन्हा केला."

कडूबाईनं मान खाली घातली.

"अन् ती दिसंनाशी झाल्यावर, बाई, आमी समद्यांनी टाळ्या वाजिवल्या."