लाल रेघ

तीस वर्षं परदेशात काढून तो कायमचा मायदेशी परतला, तर बँक साधं खातं उघडून देईना. "आधी ओळख क्रमांक आणा," एवढंच पालुपद. चार हेलपाटे घातल्यावर कळलं, क्रमांक मिळायला राहत्या घराच्या नोंदवहीत नाव लागतं.

नोंदणी कचेरीतल्या बाईंनी जाडजूड वही उघडून पान काढलं. त्याच्या नावावर लाल रेघ होती.

"यंदाच कमी झालंय नाव."

"यंदाच? मग इतकी वर्षं कसं टिकलं?"

"तुमच्या वडिलांमुळे! दरवर्षी पडताळणीला काठी टेकत सगळ्यांच्या आधी हजर. 'पोरगं पुढच्या महिन्यात येतंय, नाव तेवढं खोडू नका,' म्हणून हटून बसायचे. आम्ही हसायचो, पण रेघ काही मारायचो नाही. यंदा मात्र फिरकलेच नाहीत. बरे आहेत ना?"





बँकेच्या कागदांखालून त्याने दुसरा अर्ज काढला आणि बाईंपुढे सरकवला. वडिलांचं नाव कमी करण्याचा.