दुखण्याचा आवाज

भिवा धुरी पोट धरून कण्हत होते, पण आवाजावरून दुखणं ओळखणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर पुन्हा तेच उमटलं: 'अभिनय. घरी पाठवा.'

डॉक्टर केतकीलाही शंका होतीच. धुरी दशावतारातले नावाजलेले नट. मरण त्यांनी शेकडो वेळा वठवलेलं.

"काका, इथे टाळ्या मिळत नाहीत."

धुरी भिंतीकडे वळले.

"आता रुसण्याचं नाटक?"

"नाटक असतं तर तोंड तुमच्याकडे असतं, डॉक्टरबाई," त्यांची बायको म्हणाली. "ह्यांनी बघणाऱ्याला कधी पाठ दाखवलेली नाही."

केतकीनं पोट चाचपलं. ते लाकडासारखं कडक होतं.

"ऑपरेशनची तयारी करा," ती नर्सला म्हणाली. "आणि सकाळी यंत्रानं 'अभिनय' म्हणून घरी पाठवलेल्या त्या कीर्तनकारबाईंना फोन लावा."