गाण्यामागची घरघर

बाबांच्या जुन्या रेकॉर्ड लॅपटॉपवर उतरवायला मी दर रविवारी येतो, आणि दर रविवारी गाण्यामागे तीच घरघर. सुई बदलली, वायर बदलली, डोकं पिकलं. आज वैतागून गेल्या रविवारचं रेकॉर्डिंग हेडफोन लावून नीट ऐकलं. मी फोनवर बोलायला बाहेर गेलो होतो, तेव्हा बाबा आईला हळूच सांगत होते,

"अगं, तो लॅपटॉपच्या माइकवरून रेकॉर्ड करतोय. घरघर या पंख्याची आहे. पण तू बोलू नकोस. गाणी उतरवून झाली की रविवारी येईल कशाला तो?"

मी हेडफोन काढले. बाबा दारातच उभे होते. "सापडलं का रे काही?"



"कुठलं काय. पुढच्या रविवारी बघू," म्हणत मी पंखा चारवरून पाचवर केला.