बेपत्तांची यादी

कागद कोरा आला. वर ‘बेपत्ता खलाशी’ एवढं शीर्षक, खाली काही नाही. प्रिंटर थांबला तसा हरिश्चंद्रचा जीव भांड्यात पडला.

वादळाच्या आदल्या दिवशी दाभोळपासून रत्नागिरीपर्यंतच्या होड्यांवर तीनशे बारा माणसं गेली होती. चार दिवसांत अकरा बंदरांतून तारा आल्या, किनाऱ्याला लागलेल्यांच्या नावांच्या. गेलेल्यांतलं प्रत्येक नाव आलेल्यांच्या नावांशी ताडायचं आणि जे कुठेच जुळणार नाही ते छापायचं, एवढाच प्रोग्राम. हरिश्चंद्रने तो सी भाषेत एका सकाळीत लिहिला. बंदर खात्याच्या त्या कचेरीतल्या जुन्या सखाराम कारकुनाला पेन्सिल घेऊन दोन दिवस लागले असते. साहेबांनी कोरा कागद पाहिला, दाभोळला फोन लावून ‘सगळे सुखरूप’ कळवलं आणि शिपायाला पेढे आणायला पिटाळलं.

संगणकाच्या खोलीत चपला घालून जायची बंदी होती. यंत्राला धूळ सोसत नाही म्हणे. दाराबाहेर चपलांच्या रांगेशेजारी आवडाबाई बसली होती, पहाटेच्या यष्टीने दाभोळहून आलेली. मांडीवर पिशवी, पिशवीत तिच्या मुलाच्या, शिवाच्या चपला. खलाशी होडीवर अनवाणीच चढतात, चपला धक्क्यावर राहतात.

“मावशी, एकही माणूस बेपत्ता नाही,” हरिश्चंद्र तिला म्हणाला. “सगळे किनाऱ्याला लागले.”

ती हसली नाही, रडलीही नाही. “माजा शिवा कुठल्या बंदराला लागलाय, तेवढं सांग बाबा. मी जाऊन घेऊन येते.”

“बसा. बघून सांगतो.”

अकराही तारा त्याने बोट ठेवून वाचल्या. शिवा नव्हता. पुन्हा वाचल्या. मग गेलेल्यांच्या यादीत त्याने शेवटी एक नाव घातलं, आपल्या वडिलांचं, गंगाराम. त्यांना वारून सात वर्षं झाली होती. प्रोग्राम पुन्हा चालवला. कागद कोराच आला. यंत्राच्या लेखी गंगारामही सुखरूप परतले होते.

हरिश्चंद्रच्या पायाखालची वाळू सरकली. चूक एका ओळीची होती. दोन नावं हुबेहूब जुळली की ताडणारं फंक्शन शून्य सांगतं, वेगळी असली की शून्य सोडून काहीतरी. आणि सी भाषेत शून्य म्हणजे नाही, बाकी काहीही म्हणजे होय. त्याने ते साध्या माणसासारखं धरलं होतं, होय म्हणजे जुळलं. त्यामुळे आलेल्यांत कुणाचंही वेगळं नाव दिसलं की यंत्र म्हणत होतं, आला. तीनशे माणसांत वेगळं नाव कुणाला भेटत नाही? मेलेल्यालासुद्धा भेटतं.

त्याने ओळ सुधारली. प्रिंटर कुरकुरत दहा ओळी खाली गेला. शेवटचं नाव गंगाराम. तेवढी पट्टी त्याने फाडून टाकली. उरली नऊ. तिसरं शिवाचं होतं.

सखाराम त्याच्या हातावर पेढा ठेवायला आला आणि चेहरा बघून तसाच परत गेला. हरिश्चंद्रला स्वतःची लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती त्या बाईची.

कागदाची घडी मुठीत धरून तो बाहेर आला. रांगेत त्याच्या चपलांशेजारी आणखी एक जोड मांडलेला होता, पदराने पुसून स्वच्छ केलेला.

“मावशी,” तो म्हणाला.

“कोपऱ्यावरून नवा अंगठा लावून आणला,” आवडाबाई म्हणाली. “तुटला होता कवाचा. तुझा पाय त्याच्याएवढाच दिसतोय. घालून बघ बाबा, टोचतोय का. त्याला एवढ्या लांब चालायचं हाय.”

तिने एक चप्पल उचलून त्याच्या पायापुढे ठेवली. हरिश्चंद्र अनवाणी उभा होता. त्याने पाय घातला. चप्पल अगदी बरोबर बसली.