अबोला

कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर बेसबॉलचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, लाईल हॅस्केट वर्षभराने संघात परतला होता. सामन्याची सुरुवात पुन्हा आपल्या हाती देतात की नाही, एवढाच त्याच्या जिवाला घोर लागला होता. बाकी सगळी चेष्टा चालायची. त्याने खेळाडूंच्या खोलीत पाऊल टाकलं की त्याचे चेंडू झेलणारा कॅचर प्रुइट ओरडायचा, "या आजोबा! हात आणलात ना, की राहिला घरी खुंटीवर?"

बेसबॉलवाल्यांचा एक रिवाज आहे. ज्या पिचरच्या हातून सामना सुरू व्हायचा, त्याच्याशी त्या दिवशी कुणी चकार शब्द बोलत नाही.

शनिवारी लाईल आत आला आणि खोली चिडीचूप झाली. प्रुइटने तर बुटाची नाडी बांधताना मानच वर केली नाही. लाईलने बाहेर धावत जाऊन बायकोला फोन लावला.

"डार्ला, आज माझ्याशी कुणी बोलत नाहीये गं!"

ती आनंदाने रडायलाच लागली.

तो परत येऊन बाकावर बसतो न बसतो, तोच मॅनेजरने त्याच्या खांद्यावर प्रेमाने हात ठेवला.



"लाईल, राजा, जरा केबिनमध्ये ये. आणि हो, येताना तुझं इथलं कपाट रिकामं करूनच ये."